दोघांचं आर्केड मशीन: टेबलावर मावेल असं, घरी बांधायचं

१९७२ साली आलेल्या अटारी कंपनीच्या पाँग या व्हिडिओ गेमला दोन नॉब होते आणि समोर दुसरा माणूस नसेल तर खेळच सुरू होत नसे. आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनचा, पहिला गाजलेला व्हिडिओ गेम दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचा होता. म्हणून मला वाटतं, घरी बांधायचंच तर दोघांचं मशीन बांधावं. एकट्याने खेळायला मोबाइल आहेच. एकाच स्क्रीनपुढे कोपराला कोपर लागत खेळण्याची मजा मात्र दोन जॉयस्टिकशिवाय येत नाही.

नवखा माणूस बहुतेक वेळा स्क्रीनपासून सुरुवात करतो. घरात पडलेला मॉनिटर दिसतो, त्याच्याभोवती पेटी आखली जाते आणि मग उरलेल्या जागेत बारा बटणं कोंबावी लागतात. दोघांच्या मशीनमध्ये हा क्रम उलटा हवा. पेटीची रुंदी चार हात ठरवतात. पॅनल, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणांची फळी, आधी; पेटी नंतर. पुढचं सगळं मार्गदर्शन याच क्रमाने दिलं आहे. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, कारण इंचांचे अपूर्णांक लाकडावर उतरवताना घोळ होतो.

बटणं किती आणि मशीन ठेवायचं कुठे

सामान घेण्याआधी या दोन गोष्टी ठरवा.

बटणांची संख्या तुम्हाला कोणते गेम खेळायचे यावर अवलंबून आहे. १९८६ च्या बबल बॉबलला उडी आणि बुडबुडा अशी दोनच बटणं पुरतात. १९९० मध्ये आलेल्या निओ जिओ या मशीनच्या गेमना चार लागतात. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू ला सहा: तीन ठोशांची, तीन लाथांची. मारामारीचे गेम तुमच्या यादीत नसतील तर चारवर थांबा. पॅनल मोकळं राहतं आणि पाहुण्यांना कुठलं बटण कशाचं ते विचारावं लागत नाही. शंका असेल तर सहा. पुढचा आराखडा सहांचा आहे. शिवाय प्रत्येकाला एक स्टार्ट आणि एक कॉइन (नाणं टाकल्याची खूण करणारं) बटण लागेल, आणि एक वेगळं, आडबाजूचं बटण. ते कशाला, ते सॉफ्टवेअरपाशी सांगतो.

उंचीचा विचार फार कमी लोक करतात. जेवणाचं किंवा लिहिण्याचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. त्यावर मशीन ठेवलं की पॅनल ८५ सेंटीमीटरच्या पुढे जातं. नेहमीच्या खुर्चीत बसून तिथे हात ठेवला तर खांदे उचलले जातात आणि थोड्याच वेळात मान भरून येते. त्यामुळे एकतर ५५ ते ६० सेंटीमीटर उंचीचं बैठं टेबल घ्या आणि साध्या खुर्च्या वापरा, नाहीतर नेहमीच्या टेबलासमोर उंच स्टूल ठेवा. स्क्रीनचा कल याच बैठकीवर ठरणार आहे.

पुठ्ठ्याचं पॅनल

जाड खोक्यातून ६०० बाय २३५ मिमीचा तुकडा कापा. लाकडाला हात लावण्याआधीची ही पायरी कितीही पोरकट वाटली तरी टाळू नका. संपूर्ण कामातली सर्वांत मोलाची संध्याकाळ हीच असते.

डाव्या कडेपासून ७५ मिमीवर पहिल्या खेळाडूच्या जॉयस्टिकचा मध्य घ्या. बटणांचे तीन उभे स्तंभ १४५, १८१ आणि २१७ मिमीवर येतील. दुसऱ्या खेळाडूची जॉयस्टिक ३८५ वर आणि बटणं ४५५, ४९१, ५२७ वर. दोन जॉयस्टिकमध्ये ३१० मिमी अंतर राहतं. दोन मोठी माणसं थोडी दाटीने पण आरामात खेळू शकतात. याहून कमी केलंत तर पहिल्याचा उजवा हात आणि दुसऱ्याचा डावा हात भांडायला लागतात. जागा असेल तर रुंदी ६५० करा, वाढीव ५० मिमी सगळे दोघांच्या मध्ये द्या.

आता पुढून मागे. जॉयस्टिकचा मध्य पुढच्या कडेपासून १०५ मिमीवर. बटणांची खालची ओळ ८५ वर, वरची १२५ वर. तळहात टेकायला पुढे जागा हवी, म्हणून खालची ओळ याहून पुढे ओढू नका. तिन्ही स्तंभ एका सरळ रेषेत ठेवू नयेत. मधलं बोट लांब असतं, म्हणून पहिला स्तंभ जागेवर ठेवून मधला आणि शेवटचा १० ते १५ मिमी मागे सरकवा. स्टार्ट आणि कॉइनची लहान बटणं १९५ मिमीवर, हात चुकूनही पडणार नाही इतकी मागे.

३० मिमी व्यासाची बटणं सर्वांत जास्त चालतात, स्टार्टसाठी २४ मिमीची. बाटल्यांची झाकणं त्या मापाची मिळाली तर पुठ्ठ्यावर चिकटवा. मग खरोखरच दोघं बसा. पंधरा मिनिटं काल्पनिक गेम खेळा, बोटं आपटा, मनगट कुठे टेकतं ते पाहा. एकाचा हात मोठा, दुसऱ्याचा लहान असेल तर मध्यम माप घ्या. पेनाने खुणा बदलत राहा, आणि पुठ्ठा फेकू नका, पुढे तोच लाकडावर ठेवून भोकं आखायची आहेत.

स्क्रीन

जुने आर्केड गेम ४:३ प्रमाणात काढलेले असतात, म्हणून १९ इंची चौकोनी मॉनिटर शोधा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. एकट्याच्या छोट्या मशीनसाठी तो बरोबरच आहे. दोघांच्या मशीनसाठी मात्र आकडे मांडून पाहावेत.

१९ इंची ५:४ स्क्रीनची दिसणारी रुंदी ३७६ मिमी असते. तिच्यावर ४:३ चित्र ३७६ बाय २८२ मिमीचं बसतं. २४ इंची १६:९ स्क्रीन साधारण ५३१ बाय २९९ मिमी असते. तिची पूर्ण उंची वापरून ४:३ चित्र काढलं तर ते ३९९ बाय २९९ मिमी येतं, म्हणजे चौकोनी स्क्रीनपेक्षाही मोठं. आपली पेटी हातांमुळे ६०० मिमी रुंद झालेलीच आहे, तेव्हा २४ इंची मॉनिटर तिच्यात नीट बसतो. बाजूला उरलेल्या काळ्या पट्ट्यांवर सॉफ्टवेअरमधून त्या त्या गेमचं चित्र लावता येतं. २२ इंची घेतली तर चित्र ३६५ बाय २७४ येतं, तेही वाईट नाही.

दुसरी गोष्ट स्क्रीनच्या जातीची. दोघांपैकी कुणीच बरोबर मध्ये बसत नाही. टीएन जातीची स्क्रीन तिरकी पाहिली की रंग फिके पडतात, खालून पाहिलं तर उलटेसुद्धा दिसतात. आयपीएस जातीच्या मॉनिटरला हा त्रास नाही. थोडे जास्त पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. मॉनिटर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू करा. तो आपोआप सुरू झाला तर उत्तम, नाहीतर दर वेळी पेटीत हात घालून त्याचं बटण दाबावं लागेल. आणि मागे ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमीवर चार भोकं आहेत का पाहा. भिंतीवर टांगण्यासाठी दिलेल्या त्या भोकांना एम४ स्क्रू लागतात आणि आपल्याला मॉनिटर त्यांनीच बसवायचा आहे.

मॉनिटर उघडून आतला काचेचा भाग वेगळा काढू नका. बाहेरची चौकट आपल्या मुखपट्टीमागे, म्हणजे पेटीच्या स्क्रीनभोवतीच्या पट्टीमागे, झाकली जाते. आतल्या वीजपुरवठ्याच्या पाटीवरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहतात. जुन्या नळीच्या टीव्हीचा मोह असेल तर तो नवख्याने पूर्ण सोडावा, त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो.

सामान

लाकूड: १५ मिमीची ८ बाय ४ फुटांची एक फळी पुरून उरते. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) सपाट असतो, कापायला सोपा आणि रंगायला छान, पण जड असतो आणि पाणी लागलं की फुगतो. प्लायवूड हलका आणि स्क्रू घट्ट धरणारा. मी बाजूंना एमडीएफ आणि पॅनलला १२ मिमी प्लाय सुचवेन, कारण सगळे धक्के पॅनल खातं. आतल्या कोपऱ्यांसाठी २० बाय २० मिमीच्या लाकडी पट्ट्या.

नियंत्रणं: दोन जॉयस्टिक, ३० मिमीची बारा बटणं, २४ मिमीची पाच. बटणं दोन जातींची येतात. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा अॅक्रिलिकसाठी असतात, लाकडात ती धरत नाहीत. लाकडासाठी नट आवळायची, लांब आट्यांची घ्या आणि आटे पॅनलच्या जाडीला पुरतात का ते मोजा. काही लांब आट्यांच्या बटणांना ३० ऐवजी २८ मिमीचं भोक लागतं, म्हणून बटणं हातात आल्याशिवाय ड्रिलचं पातं घेऊ नका.

बाकी: दोन यूएसबी एन्कोडर (बटण दाबलेलं कॉम्प्युटरला कळवणाऱ्या छोट्या पाट्या), मेंदू म्हणून रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’) किंवा एखादा जुना कॉम्प्युटर, ३२ जीबीचं चांगल्या प्रतीचं मेमरी कार्ड, वीज अॅडॉप्टर, स्वतःच्या वीजपुरवठ्यावर चालणारे कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर, स्क्रीनपुढे लावायला ३ मिमी अॅक्रिलिक, फ्यूज असलेली आणि अर्थिंगची एक्स्टेन्शन पट्टी, बिजागऱ्या, कड्या.

बाजूच्या फळ्या

पेटीचा चेहरामोहरा बाजूच्या दोन फळ्यांत असतो. हा आराखडा मोठ्या कागदावर काढा. खालचा पुढचा कोपरा शून्य धरा, आधी खोली आणि मग उंची वाचा.

तळ: ० पासून ४८० पर्यंत. पुढची कड सरळ वर १०० पर्यंत. तिथून पॅनल मागे चढतं आणि (२३०, १२५) ला पोचतं, म्हणजे साधारण ६ अंशांचा चढ. तिथून स्क्रीन ३४० मिमी वर जाते, २० अंश मागे झुकून, आणि (३४६, ४४५) ला येते. मग नावाची पाटी पुढे झुकत (३००, ५५०) पर्यंत. माथा सपाट, ४८० पर्यंत. मागची कड सरळ खाली.

२० अंशांचा कल सगळ्यांना जुळेलच असं नाही. तुमच्या बैठकीसाठी तो असा शोधा: मॉनिटरच्या मध्यावर एक छोटा आरसा चिकटवा, पॅनलच्या उंचीचा अंदाज घेऊन मॉनिटर पुस्तकांवर ठेवा, आणि खेळायच्या जागी बसा. आरशात स्वतःचे डोळे दिसेपर्यंत मॉनिटर मागे झुकवा. तोच तुमचा कोन. उंच स्टूलवर बसणाऱ्यांना तो जास्त लागतो, बैठ्या खुर्चीवर कमी.

तळ ४८० खोल ठेवण्याचं कारण स्थैर्य. हातांचा सगळा जोर पुढच्या २३० मिमीत पडतो, आणि तो भाग तळाच्या बाहेर गेला तर रंगात आलेला खेळाडू पेटी स्वतःच्या अंगावर ओढेल. खाली रबराचे चार पाय नक्की लावा.

कापणी आणि जोडणी

घरी सरळ काप घेणं नवख्याला सर्वांत अवघड जातं. जिथून लाकूड घ्याल तिथे मोठ्या करवतीवर आयत कापून मिळत असतील तर जरूर कापून घ्या. तळ, मागची फळी, माथा, पुढची पट्टी, पॅनल हे सगळे ६०० मिमी रुंद आहेत. कापणाऱ्याला सांगा की करवतीचं माप एकदाच लावून हे सर्व तुकडे सलग कापा. माप ६०० ऐवजी ५९९ आलं तरी बिघडत नाही, पण सगळे एकसारखे हवेत. एक तुकडा दोन मिमी मोठा निघाला की पेटी तिरकी होते आणि मग स्क्रीनच्या कडेला फट दिसत राहते.

बाजूच्या तिरक्या रेषा जिगसॉने कापा. रेषेच्या बाहेर दोन मिमी ठेवून कापा, मग दोन्ही फळ्या क्लॅम्पने एकत्र आवळून एकदमच घासा, म्हणजे त्या हुबेहूब सारख्या होतील. एमडीएफचा धुरळा अतिशय बारीक असतो आणि फुप्फुसांना वाईट. चांगला मास्क लावा, काम उघड्यावर करा आणि लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

लाकडी पट्ट्या बाजूच्या फळ्यांच्या आतून, कडेपासून फळीच्या जाडीइतक्या आत लावायच्या: १५ मिमी फळीसाठी १५ मिमी, पॅनलसाठी १२. म्हणजे आडव्या फळ्या कडेशी सपाट बसतील. डावी आणि उजवी फळी एकमेकांची आरशातली प्रतिमा असते. आखताना दोन्ही पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवा आणि पेन्सिलीने ‘आत’ असं लिहा. स्क्रूआधी प्रत्येक ठिकाणी बारीक भोक पाडा, एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू घातला तर तो चिरतो. गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरा, फक्त पॅनल आणि मागची फळी यांना गोंद लावू नका, त्या उघडायच्या आहेत. प्रत्येक जोडाला गुण्या लावा आणि शेवटी पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर पेटी काटकोनात आहे.

मॉनिटरसाठी पेटीत दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांवर एक आडवी फळी, जिला त्या चार भोकांतून मॉनिटर स्क्रू होईल. आडव्या फळीतली भोकं लांबट ठेवा. मॉनिटर पुढेमागे, वरखाली थोडा सरकवता आला पाहिजे, पहिल्या फटक्यात तो बरोबर बसत नाही.

पॅनल पुढच्या कडेला बिजागरीने जोडा, म्हणजे ते खेळाडूकडे उलटं उघडतं आणि सगळ्या वायरी एकदम समोर येतात. मागची कड धरून ठेवायला आतून दोन कड्या लावा, मागच्या दारातून हात घालून बंद करता येतील अशा. चुंबकाची कडी इथे टिकत नाही, जॉयस्टिक ओढली की सुटते.

पॅनलची भोकं

पुठ्ठा प्लायवर ठेवून प्रत्येक मध्यावर टोच्याने खूण करा. आधी सगळीकडे ३ मिमीचं आरपार भोक पाडा. मग ३० मिमीच्या फोर्स्टनर (मोठं गोल भोक पाडणाऱ्या) पात्याने वरच्या बाजूने अर्ध्यापर्यंत जा, प्लाय उलटा करा आणि त्याच बारीक भोकावर पातं टेकवून खालून उरलेलं पूर्ण करा. असं दोन्ही बाजूंनी पाडलं की कडेच्या ढलप्या उडत नाहीत. ड्रिलचा वेग कमी ठेवा.

जॉयस्टिकच्या दांड्याला २४ मिमीचं भोक लागतं. इथे अडचण जाडीची आहे. जॉयस्टिक खालून लावली की १२ मिमी प्लाय दांड्याची उंची खाते आणि वर गोटी बुटकी राहते. गोटीसकट साधारण ६० मिमी वर दिसायला हवं. उपाय म्हणजे जॉयस्टिकच्या धातूच्या पट्टीएवढा खळगा खालून राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) काढा आणि वर ६ मिमी लाकूड ठेवा. राऊटर नसेल तर पटाशीनेही होतं, फक्त खोली वारंवार मोजा. जॉयस्टिक लाकडाच्या स्क्रूने लावू नका, काही आठवड्यांत ती डुगडुगते. वरून बसक्या डोक्याचे एम४ बोल्ट आणि खाली नट हेच टिकतं. बोल्टची डोकी लाकडाशी सपाट बसवा, वर छापील विनाइल चिकटवलं की ती दिसतही नाहीत.

रंगाबद्दल एवढंच: एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात, म्हणून कडांना आधी प्रायमरचे दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवा. घाई न करता पूर्ण वाळू द्या.

वायरिंग

हा भाग ऐकायला भीतीदायक वाटतो आणि करायला सर्वांत सोपा असतो. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच आहे. दाबलं की दोन टोकं जुळतात, सोडलं की सुटतात. दोन वायरी, कुठलीही कुठेही लावा, उलटसुलट असं काही नसतं. तीन टोकांचा स्विच असेल तर सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावर जुळणारं) अशी खूण असलेली दोन वापरा. एनसी (दाबल्यावर सुटणारं) वर वायर लावली तर बटण न दाबताच दाबलेलं राहील.

स्वस्तातल्या यूएसबी एन्कोडरबरोबर तयार वायरी येतात. टोकाच्या क्लिपची रुंदी मात्र पाहा: २.८ आणि ४.८ मिमी अशी दोन मापं चालतात, आणि बटणाच्या टोकाशी ती जुळली पाहिजे. जुळली नाही तर पक्कडीने दाबून जुळवायचा प्रयत्न करू नका, योग्य क्लिपा आणा. जॉयस्टिकला बहुधा पाच पिनांचा एकच जोड असतो: चार दिशा आणि एक सामाईक.

एका खेळाडूला एक एन्कोडर. दोन्ही एकाच जातीचे असल्याने सॉफ्टवेअरला ते जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि कोण पहिला कोण दुसरा हे कुठल्या यूएसबी जागेत कोण लावलाय यावर ठरू शकतं. म्हणून दोन्ही केबलींना टेपवर १ आणि २ लिहून चिकटवा, जागांवरही तसंच, आणि त्या पुन्हा बदलू नका. थोडे जास्त पैसे असतील तर दोन्ही खेळाडूंसाठी एकच पाटी असलेला कीबोर्ड-एन्कोडर घ्या, आय-पॅक २ सारखा. त्याला सगळ्या बटणांची सामाईक वायर साखळीसारखी एका बटणावरून दुसऱ्यावर न्यावी लागते, पण एक आणि दोन यांची अदलाबदल होण्याचा प्रश्न उरत नाही.

पॅनल पेटीत बसवण्याआधी एन्कोडर कुठल्याही कॉम्प्युटरला लावून प्रत्येक बटण आणि प्रत्येक दिशा तपासा. जॉयस्टिक उलटी बसवली असेल तर वर म्हटलं की खाली जाईल. हे आत्ता कळलं तर दोन मिनिटांचं काम आहे. वायरी पॅनल पूर्ण उलटेल इतक्या सैल ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधा.

वीज, हवा, आवाज

भिंतीतून येणारी वीज पेटीत उघडी फिरवू नका. एक्स्टेन्शन पट्टी आत स्क्रूने बसवा, मॉनिटर, रास्पबेरी पाय आणि स्पीकर यांचे प्लग तिच्यात, आणि तिची एकच वायर मागून बाहेर. वायर ओढली गेली तरी आत ताण येऊ नये म्हणून बाहेर पडते तिथे ती पक्की धरून ठेवा.

रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकते आणि गेम अडखळतात. पाय ५ घेतलात तर ५ अँपिअरचा अॅडॉप्टर घ्या, आणि त्याला हेडफोनची जागा नाही हे ध्यानात असू द्या. आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरला जातो, तिथून स्पीकरला न्यायचा. त्यासाठी मॉनिटरला आवाजाची बाहेर जाणारी जागा हवी.

पाय ४ चा मेंदू ८० अंशांच्या पुढे तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्याला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावा, तळाला मागच्या बाजूला भोकांची एक ओळ आणि मागच्या फळीत वरती दुसरी. गरम हवा आपोआप वर जाते आणि खालून थंड आत येते. बंद कपाटात ठेवणार असाल तरच पंखा लागेल.

पट्टीचं बटण दाबून थेट वीज तोडली तर मेमरी कार्डावरची फाइल बिघडू शकते. त्यासाठी पाठीमागे एक छोटं बटण लावा, त्याच्या दोन वायरी पायच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांना. रेट्रोपायमध्ये (गेम चालवणारी एक प्रणाली, तिच्याबद्दल पुढे) सेटिंगच्या फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाऊनची एक ओळ घातली की तेच बटण मशीन नीट बंद करतं आणि पुन्हा दाबलं की जागंही करतं. या पिनांना ५ व्होल्टची वायर चुकूनही लागू देऊ नका, ५ क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टची आहे.

सॉफ्टवेअर

रेट्रोपाय, बाटोसेरा, रिकलबॉक्स, लाका या जुने गेम चालवणाऱ्या प्रणाली सगळ्या मोफत मिळतात आणि कार्डावर उतरवून लगेच चालतात. नवख्याला मी बाटोसेरा सुचवेन: बहुतेक सगळं आधीच जुळवलेलं असतं आणि ती जुन्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधूनही चालते. आतलं सगळं उघडून बदलायची हौस असेल तर रेट्रोपाय.

पहिल्यांदा सुरू झालं की सॉफ्टवेअर बटणांची ओळख करून द्यायला सांगतं. तिथे हॉटकी विचारली की ते वेगळं, आडबाजूचं बटण दाबा. हॉटकी आणि स्टार्ट एकत्र दाबले की गेम बंद होऊन यादीत परत येतो. बरेच जण हॉटकी म्हणून कॉइन बटणच देतात, आणि मग ऐन सामन्यात नाणं टाकायला गेलेल्याच्या हातून गेम बंद पडतो. म्हणून ते बटण पेटीच्या बाजूला लावा.

गेमबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जुने असले तरी जवळजवळ सगळे आर्केड गेम कॉपीराइटखाली आहेत. अनेक कंपन्या आपले जुने गेम अधिकृत संचांतून विकतात, जुन्या कॉम्प्युटरवर ते खेळता येतात. शिवाय आर्केड मशीनची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या, १९९७ पासून चालत आलेल्या मेम प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, हक्कदारांनी विनामूल्य खेळायला परवानगी दिलेले काही गेम आहेत, रॉबी रोटो त्यांतलाच. हौशी मंडळींनी नव्याने लिहिलेलेही पुष्कळ मिळतात. सुरुवात यांच्यापासून करा.

एखादा गेम सुरूच होत नसेल तर फाइल बिघडली असं लगेच समजू नका. आर्केडचा गेम म्हणजे मूळ मशीनमधल्या अनेक चिपांच्या नकलांचा एक झिप असतो, आणि त्या झिपची आवृत्ती एम्युलेटरच्या (मूळ मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) आवृत्तीशी जुळावी लागते. रेट्रोपायमधल्या मेम २००३ ला ०.७८ क्रमांकाचा संच लागतो, फायनलबर्न निओला अलीकडचा. झिप उघडू नका, नाव बदलू नका.

चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. पूर्ण स्क्रीन भरायचा मोह होतो, पण मग गोल चेंडू अंडाकृती दिसतो. उभ्या स्क्रीनचे गेम, म्हणजे १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स किंवा १९८० चा पॅक-मॅन, आपल्या आडव्या स्क्रीनवर मध्ये अरुंद पट्टीत येतात, ते तसेच राहू द्या.

पॅक-मॅनवरून आठवलं. त्याची मूळ जॉयस्टिक फक्त चार दिशांची होती. आपली आठ दिशांची असते, आणि वळणावर ती जराशी तिरकी गेली की पॅक-मॅन वळतच नाही. लोक एम्युलेटरला दोष देतात, खरं कारण जॉयस्टिकखालच्या प्लास्टिकच्या चौकटीत असतं. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये ती चौकट फिरवून किंवा बदलून चार दिशांची करता येते. घेतानाच हे विचारा. मारामारीचे गेम आठ दिशांशिवाय चालत नाहीत, तेव्हा चौकट बदलण्यासाठी पॅनल बिजागरीवर उघडतं याचा खरा उपयोग तिथे होतो.

पहिले काही दिवस खेळून झाले की पॅनल एकदा उघडा. बटणांचे नट धक्क्यांनी सैल होतात, जॉयस्टिकचे बोल्टही. हाताने आवळून वर पान्याचा पाव फेरा पुरतो, जास्त आवळलं तर प्लास्टिकचे आटे जातात. मॉनिटरच्या मागचे चार स्क्रू आणि मागून बाहेर पडणाऱ्या वायरीची पकड त्याच वेळी पाहून घ्या.